भेकराचा पंचनामा

मालवणला अभयारण्य आहे, असं सांगितलं की घाटावरून आलेले पाहुणे फार खूश होतात. लगेच दुर्बीण कुठल्या बॅगेत आहे यावर नवरा-बायकोत चर्चा होते, आणि मग प्रश्न येतो, "जिप्सी सकाळी किती वाजता सुटते?" त्यांना बसवून, पाणी देऊन, मगच सांगावं लागतं की आमचं अभयारण्य समुद्रात आहे. 1987 साली सरकारने ते जाहीर केलं. क्षेत्रफळ सुमारे 29 चौरस किलोमीटर, आणि त्याचा गाभा सिंधुदुर्ग किल्ल्याच्या भोवती. आत प्रवाळ आहेत, रंगीत मासे आहेत, नशीब असेल तर बाहेरच्या बाजूला डॉल्फिनही आहेत. हरीण मात्र पोहून गेलं तरच.

जमिनीवरच्या हरणांबाबत मालवण तालुक्यात सरकारने अशी काही खास घोषणा केलेली नाही. त्यामुळे ते खातं गावकऱ्यांनी स्वतःकडे घेतलं आहे, आणि गावकऱ्यांनी खातं घेतलं की त्यात कामापेक्षा वाद जास्त असतो.

खात्रीने दिसणारी हरणं आमच्याकडे तीन. पहिलं घाटात. आंबोली, फोंडा, करूळ, कुठल्याही घाटातून उतरा, कुठल्या ना कुठल्या वळणावर फलकावर एक हरीण उडी मारताना दिसतं. त्याची शिंगं इतकी ऐसपैस असतात की तशा शिंगांनी कोकणातल्या करवंदीच्या जाळीत शिरलेलं जनावर शिमग्यापर्यंत बाहेर यायचं नाही. दुसरं हरीण आकाशात. हिवाळ्याच्या रात्री चार कोपऱ्यांचे चार पाय, पोटात रुतलेला तीन ताऱ्यांचा बाण आणि मागे टपलेला व्याध, म्हणजे रात्रीच्या आकाशातला सगळ्यात तेजस्वी तारा. याच मृगावरून जूनच्या सुरुवातीला आमची शेती सुरू होते. पण पंचांगवाल्यांचा त्याच्या चालण्यावर भरवसा नाही. ते दर वर्षी मृग नक्षत्राला वाहन देतात. कधी बेडूक, कधी गाढव, कधी म्हैस. हरणासारखं हरीण गाढवावर बसून येतं आणि शेतकरी त्यावरून पावसाचा अंदाज बांधतो.

तिसरं हरीण आजीच्या डब्यात. छातीत दुखलं, बरगडीत कळ आली की सांबरशिंगाचा तुकडा सहाणेवर उगाळून लेप लावायचा, ही पद्धत घरोघर होती. सांबर दर वर्षी शिंगं टाकतं, तेव्हा शिंगासाठी ते मारायलाच हवं असं नव्हतं. आता मात्र त्या शिंगांची खरेदी-विक्री गुन्हा आहे, त्यामुळे तुकडा कुठून आला हे विचारलं की घरातली सगळी माणसं एकदम आजोबांचं नाव घेतात. आजोबा हयात नसतात. वन्यजीव कायदा 1972 चा, आणि आजोबा नेमके त्याच्या आदल्या वर्षी गेलेले असतात.

ही तीन सोडली तर उरतं ते खरं हरीण, म्हणजे भेकर. सांबर बघायचं तर आंबोलीच्या बाजूला नाहीतर दाजीपूरला चढायला हवं. ठिपक्याठिपक्यांचं चितळ बघायचं तर रात्रभर प्रवास करून नागझिरा किंवा ताडोबा गाठावा. काळवीट बघायचं तर नगर जिल्ह्यातल्या रेहेकुरीच्या माळावर जावं. मालवणच्या वाट्याला देवाने भेकर दिलं आहे, आणि त्याच्याबरोबर एक अट घातली आहे, की ते दिसणार नाही.

भेकर हे कळपाने राहणारं, उन्हात ऐटीत उभं राहून फोटो देणारं हरीण नव्हे. ते एकटं राहतं. उंची माणसाच्या गुडघ्याच्या थोडी वर, वजन वीस-पंचवीस किलो, रंग तांबूस तपकिरी. नराला आखूड शिंगं, तीही केसाळ हाडाच्या खुंटावर बसवलेली. आणि एवढ्यावर समाधान न झाल्यामुळे वरच्या जबड्यात दोन सुळे. घाबरलं की ते कुत्र्यागत भुंकतं. शिंगं हरणाची, सुळे डुकराचे आणि आवाज कुत्र्याचा. दशावतारात पेटारा उघडून हाताला लागेल ते चढवून रंगमंचावर आलेल्या नटाचीच ही आठवण. त्याहून लहान पिसोरी. तीन-एक किलोचं हे जनावर रात्री फिरतं आणि दिवसा झाडाच्या ढोलीत किंवा कपारीत बसून राहतं. शास्त्रज्ञ म्हणतात ते खरं हरीणच नव्हे, त्याचं कुळ वेगळं. पण पिसोरीला पाहिल्याचा दावा करणारी माणसं इतकी थोडी आहेत की तिच्यावरून भांडणसुद्धा रंगत नाही. तेव्हा आपण भेकरावरच राहू.

भेकराची पहिली खूण म्हणजे भुंकणं. इथेच पहिली अडचण येते, कारण वाडीत कुत्रेही आहेत. सकाळी व्हाळावर किंवा चहाच्या टपरीवर हा संवाद ठरलेला असतो:

"काल रातीक सड्यार भेकरू भुकत होता."

"तो पोस्तमनाचो कुत्रो रे."

"कुत्रो असो भुकता? कुत्रो कोणावर तरी भुकता. ह्यां नुसताच भुकत होता."

"तू बघलंस?"

"बघूक कित्याक होया? कान आसत मा माका?"

यात कानवाल्याची बाजू खरं म्हणजे भक्कम आहे. कुत्रा झटक्यात पाच-सहा वेळा भुंकतो, थांबतो, दुसऱ्या वाडीतल्या कुत्र्याचं उत्तर ऐकतो, मग विषय वाढवतो. भेकर तसं करत नाही. एक खरखरीत हाक, काही सेकंद शांतता, पुन्हा तीच हाक, पुन्हा शांतता, आणि हे कधी कधी तासभर चालतं. चाल बदलत नाही, सूर बदलत नाही, कोणाच्या उत्तराची अपेक्षा नाही. कुमाऊंच्या जंगलात जिम कॉर्बेट याच जातीच्या हरणाच्या हाकेवरून वाघ कुठे चालला आहे ते ओळखायचा. म्हणजे भेकर उगाच ओरडत नाही. त्याने बिबट्या पाहिलेला असण्याची शक्यता चांगलीच असते.

पुस्तकी निसर्गप्रेमी आणि बागायतदार यांच्यातला फरक इथे कळतो. भेकर भुंकलं की आवाजाच्या दिशेने हळूहळू सरकावं, असं पुस्तकी माणसाला वाटतं. बागायतदार त्याच आवाजाने उठतो, गोठ्याचं दार नीट लागलं आहे ना ते बघतो आणि घरात जाऊन कडी लावतो. निसर्गाची भाषा दोघांनाही कळलेली असते. फक्त एकाने ती शेवटपर्यंत वाचलेली असते.

दुसरी खूण पाऊल. वन्यजीवांवरच्या कुठल्याही मार्गदर्शिकेत पावलांच्या आकृत्या असतात आणि मऊ मातीत ती शोधावीत असं लिहिलेलं असतं. लिहिणाऱ्याने मालवणचा सडा पाहिलेला नसतो. आमचा सडा म्हणजे जांभा. पावसाळ्यात त्यावर गवत आणि फुलं येतात, उन्हाळ्यात त्यावर भाकरी भाजता येईल. त्यावरून अख्खा गव्यांचा कळप गेला तरी दगड साक्ष देत नाही. भेकराचं पाऊल सापडायचं तर ते व्हाळाच्या काठी, नांगरलेल्या कुणग्यात किंवा धामापूरच्या तळ्याच्या ओल्या कडेला. हे तळं 1530 सालचं. जवळजवळ पाचशे वर्षं तिथे चिखल तयार आहे, म्हणजे माग काढणाऱ्याची सोय आमच्या पूर्वजांनी वेळेवर करून ठेवली आहे.

चिखलात पाऊल सापडलं की खरी परीक्षा सुरू होते. दोन खूर, पुढे टोकदार, निमुळते, जेमतेम तीन-चार सेंटीमीटर लांब. काडेपेटी शेजारी ठेवली तर पेटीपेक्षा लहान. हे भेकर. खूर जरा बोथट, टोकाशी फाकलेले, ही बकरी. पण चिखल ओला असला की टोकदार पाऊल फाकतं आणि वाळला की बोथट पाऊल आखडतं. मग वाडीतली चार माणसं उकिडवी बसतात, प्रत्येकजण काडेपेटी काढतो, आणि तासाभराने निष्कर्ष निघतो की काडेपेट्या पूर्वीच्या मापाच्या राहिल्या नाहीत.

तरी पावलांवरून माणसं ओळखण्याची या जिल्ह्याची परंपरा फार मोठी आहे. वेंगुर्ल्याजवळ आरवलीच्या वेतोबाला भक्त चामड्याच्या भल्यामोठ्या चपला वाहतात. देव रात्री गावाची राखण करत फिरतो आणि त्यामुळे चपला झिजतात, अशी श्रद्धा आहे. झिजलेला तळ दिसला की प्रश्न मिटला, देव फिरला. ज्या मुलखात देवाचा माग चपलेच्या झिजेवरून काढतात, तिथे भेकराने समोर येऊन उभं राहावं हा हट्ट जरा उद्धटपणाचा वाटतो.

तिसरी खूण खाण्याची. इथे निसर्गशास्त्र मदतीला येतं आणि नेमक्या वेळी अंग काढून घेतं. हरणाला वरच्या जबड्यात समोरचे दात नसतात. त्यामुळे त्याने खाल्लेल्या कोवळ्या फांदीचं टोक कुरतडून ओढल्यासारखं, फाटकं दिसतं. सशाला वर-खाली दोन्हीकडे धारदार दात, त्यामुळे त्याचा काप कोयतीने मारल्यासारखा तिरका आणि साफ. एवढं वाचून माणूस खूश होतो, शेतात जातो, फाटकं टोक बघतो आणि ओरडतो, "भेकर!" तेव्हा बांधावरचे आजोबा शांतपणे विचारतात, "बकरेक वयले दात कधी इले?"

वरचे समोरचे दात बकरीलाही नसतात. रवंथ दोघंही करतात. लेंड्या दोघांच्याही काळसर, लहान, एका जागी पडलेल्या. आवळ्याखाली, बेहड्याखाली, उंबराखाली पडलेली फळं भेकर आवडीने खातं. बकरीने कधी आवळ्याला नाही म्हटल्याचं ऐकिवात नाही. या प्राण्यांची रचना करताना विधात्याच्या मनात मालवणी शेजारी असले पाहिजेत. पुरावा भरपूर द्यायचा, पण निकाल लागेल इतका द्यायचा नाही.

या सगळ्याचं सार आमच्या वाडीतल्या एका वयस्कर गुराख्याने एका वाक्यात सांगितलं आहे. मे महिन्यात मुंबईहून आलेला एक चाकरमानी हातभर लांबीची लेन्स गळ्यात अडकवून आठवडाभर पहाटे सड्यावर बसत होता. त्याला कोल्हा दिसला, मोर दिसले, साळिंदराचे काटे सापडले आणि शौचाला बसलेले गावातले बरेचसे प्रतिष्ठित नागरिक दिसले. भेकर काही दिसलं नाही. शेवटी वैतागून त्याने विचारलं, "आजोबा, इथे भेकर आहे तरी का?" गुराखी म्हणाला, "झिला, जां दिसता तां बकरां. जां दिसणा नाय तां भेकरां."

इंग्लंडमध्ये ही पंचाईत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या वोबर्न नावाच्या एका सरदारी बागेतून भेकराची चिनी बहीण बाहेर निसटली, काही माणसांनीच सोडून दिली, आणि आता ती दक्षिण इंग्लंडभर झाली आहे. लोक सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघतात तर हे जनावर त्यांच्या गुलाबाच्या कळ्या खात असतं. इतकं सहज दिसतं की कोणाला त्याचं कौतुक राहिलेलं नाही. शिवाय तिथे शेजाऱ्याच्या बकऱ्या मोकाट फिरत नाहीत, त्यामुळे संशयाला जागा नाही. आणि जिथे संशयाला जागा नाही तिथे दोन माणसांनी सकाळी एकमेकांशी बोलावं तरी कशावरून?

आमच्याकडे भेकराला जे महत्त्व आलं आहे ते शास्त्रामुळे आलेलं नाही, ते कुळथामुळे आलं आहे. भात कापून झालं की गावातली गुरं-बकऱ्या मोकळी सुटतात, आणि त्याच वेळी ज्यांच्याकडे ओलावा आहे ते कुळीथ, चवळी, पावटा पेरतात. सकाळी मालक जातो तो चार वाफे सपाट. आता हे कोणी खाल्लं? बकरीने खाल्लं असेल तर शेजाऱ्याशी भांडण, ग्रामपंचायत, कोंडवाडा, आणि पुढच्या गणपतीत एकमेकांच्या घरी आरतीला न जाणं. हरणाने खाल्लं असेल तर वनखात्याकडून नुकसानभरपाई. रानडुक्कर, हरीण, गवा, माकड, हत्ती या मंडळींनी केलेल्या नासाडीचे पैसे सरकार देतं. शेजाऱ्याच्या बकरीसाठी मात्र सरकारकडे तरतूद नाही.

एकदा हे अर्थशास्त्र समजलं की सगळ्या खुणा आपोआप स्पष्ट दिसू लागतात.

आमच्या एका चुलतकाकांचा कुळीथ असाच एका रात्रीत गेला. काका सकाळी बांधावर उभे राहून शेजाऱ्याच्या काळ्या बकरीचा तिच्या आज्यापणज्यांसकट उद्धार करत होते. तेवढ्यात शेजारी स्वतःच आला. तो खाली वाकला, एक पाऊल निरखलं आणि गंभीरपणे म्हणाला, "काकानू, ह्यां भेकराचां." काकांचा आवाज मधेच थांबला. त्यांनी बकरीकडे पाहिलं, पावलाकडे पाहिलं, आणि त्यांनाही ते टोकदार दिसू लागलं. दहा मिनिटांपूर्वी एकमेकांच्या जिवावर उठलेली दोन घरं भेकराच्या बाजूने एक झाली. रामेश्वराला नारळ ठेवूनही जो समेट झाला नसता तो एका न दिसलेल्या जनावराने केला.

अर्ज करायचा ठरला. अर्जाला सातबारा लागतो, आणि कोकणातला सातबारा हे एक वेगळंच अरण्य आहे. काकांच्या त्या तुकड्यावर चाळीसेक सहहिस्सेदार. अर्धे मुंबईत, काही पुण्यात, एक बहारीनला, आणि काही अशा ठिकाणी जिथून संमतिपत्र येत नाही. सहहिस्सेदारांचा माग काढण्यात जेवढा वेळ गेला त्यात दोन भेकरं सहज सापडली असती. लालबागच्या एका पुतण्याने तर फोनवर आधी विचारलं, "भेकराने नेमका माझ्या हिश्शातला खाल्ला का?"

अखेर पंचनाम्याचा दिवस उजाडला. वनखात्याचा तरुण गार्ड आला, कृषी खात्याचा माणूस आला, आणि वाडीतली झाडून सगळी माणसं आली. गार्ड कामाचा होता. त्याने वाफे मोजले, पावलांचे फोटो घेतले आणि सरळ प्रश्न टाकला, "प्रत्यक्ष कोणी पाहिलं?"

सगळे गप्प. आणि मग आमच्या गावाच्या इतिहासात पहिल्यांदाच भेकराचा प्रत्यक्षदर्शी साक्षीदार पुढे आला. बकरीचा मालक.

"मिया बघलंय," तो म्हणाला. "पोटभर खाल्ल्यान, माझ्याकडे बघल्यान, आणि उडी मारून गेला."

"शिंगं होती?"

"होती तर! अशी," असं म्हणून त्याने दोन्ही हात डोक्यावर नेऊन दहाही बोटं फाकवली. गार्डने एकदा त्या बोटांकडे पाहिलं, एकदा फोंडा घाटाच्या दिशेने पाहिलं, आणि काहीही न लिहिता कुंपणाकडे चालू लागला.

काटेरी तारेच्या खालच्या पदराशी तो थांबला. तिथे चार-पाच केस अडकले होते. तांबूस. त्याने ते चिमटीत धरून उजेडात पाहिले, मग गोठ्याबाहेर बांधलेल्या डांबरासारख्या काळ्या बकरीकडे पाहिलं. तारेपलीकडच्या ओल्या मातीत निमुळत्या खुरांची रांग सरळ रानाकडे गेली होती, आणि त्या बाजूला कोणाचीही बकरी जात नाही, कारण तिकडे बिबट्या आहे.

"भेकरच आहे," गार्ड म्हणाला.

सगळ्यांचे चेहरे पडले. भरपाई मिळणार होती, भांडण मिटलं होतं, साक्षीदारसुद्धा मुख्य मुद्द्यापुरता खरा ठरला होता. पण विषय संपला होता. ज्या गोष्टीवर गावाने शिमग्यापर्यंत बोलावं अशी अपेक्षा होती ती एका सरकारी माणसाने चार केसांत निकालात काढली. सगळ्यात जास्त धक्का बकरीच्या मालकाला बसला. आपली बकरी खरोखरच निर्दोष असेल ही शक्यता त्याने कधी विचारातच घेतली नव्हती.

गार्डची मोटारसायकल वळणाआड गेली आणि काकांनी घसा साफ केला. "भेकर ता ठीक. पण नर काय मादी?"

वाडीत जीव आला. बकरीचा मालक म्हणाला, शिंगं मी डोळ्यांनी पाहिली, नरच. काकी म्हणाल्या, शेंगा वेचून वेचून खाल्ल्या आहेत, पुरुषमाणूस इतकं नीट कधी खातो? मुलगी होती. कृषी खात्याचा माणूस निघता निघता पुन्हा टेकला. कॉलेजात जाणाऱ्या पुतणीने मोबाइलवरून माहिती काढली, की माणसाच्या पेशीत 46 गुणसूत्रं असतात, पण या भेकराच्या मादीत फक्त 6 आणि नरात 7. सस्तन प्राण्यांत इतकी कमी गुणसूत्रं दुसऱ्या कोणात सापडलेली नाहीत, आणि हे 1970 सालीच शास्त्रज्ञांनी छापून ठेवलं आहे. तिला वाटलं, आता वाद मिटेल.

वाद मिटलेला नाही. अर्धी वाडी 6 च्या बाजूला आहे, अर्धी 7 च्या. प्रश्न फक्त एका गुणसूत्राचा आहे, पण मालवण तालुक्यात याहून कमी जागेसाठी तीन-तीन पिढ्या कोर्टात गेलेल्या आहेत.